तेलघरातल्या पाट्या

त्या मुलखात धुके कधी उठत नसे. धुक्याच्या वर सूर्य म्हणून काही असते असे जुनीजाणती मंडळी सांगत, पण तो पाहिलेला कोणी नव्हता आणि त्याच्यावाचून कोणाचे अडलेही नव्हते. मुलखात दिव्यांची वस्ती होती. समया, पणत्या, कंदील, चिमण्या, बत्त्या असे सगळे तिथे राहत. दिवस आणि रात्र यांत फरक नसल्यामुळे वेळ नुसती प्रहरांनी मोजत, आणि आठावर न थांबता पंधरवडाभर ओळीने मोजत जात.

सगळ्या दिव्यांना एकच तेल चालत नाही, एवढी गोष्ट तिथल्या कालच्या पणतीलाही ठाऊक होती. समई आणि पणती दाट तेल पितात. कंदील आणि चिमणी पातळ तेल पितात. दाट तेल कंदिलाच्या उंच वातीत चढत नाही. ते अर्ध्यावर अडते, वातीच्या टोकावर कोळसा धरतो आणि ज्योत बसते. पातळ तेल समईत पडले तर उलटे होते, एकदम भडका उडतो. यात कोणाचे तेल उंची आणि कोणाचे हलके असा काही प्रश्न नव्हता. ज्याची वात जशी, त्याचे तेल तसे.

तेलघर एकच होते, वेशीपाशी. त्याच्या दगडी भिंतीला दोन तोट्या होत्या, एक पातळ तेलाची आणि एक दाट. तोट्यांवर काही लिहिलेले नव्हते, कारण तेलघरात एकट्याने जायचे नाही अशी रीत होती. तेल भरताना दिव्याने आपली ज्योत मुगाच्या दाण्याएवढी करायची असते. तेवढ्याशा ज्योतीत आपल्या पोटात काय पडते आहे ते कोणाला दिसणार? म्हणून प्रत्येकाने एक सोबती आणायचा. सोबती शेजारी भर ज्योतीने उभा राही. तेलघरातली पळी तोटीखाली जाई, चिंधीच्या टोकाला एक थेंब घेई आणि सोबत्याच्या ज्योतीवर तो पेटवून दाखवी. ज्योत कशी आहे, धूर किती, तडतड किती, हे सोबती नीट पाही आणि म्हणे, "तुझंच आहे, घे." मग नरसाळे पुढे येई. 'घे' ऐकल्याशिवाय नरसाळे जागचे हलत नसे.

या रीतीने फार वेळ जाई हे खरे आहे. पण मुलखात वेळेला तोटा नव्हता.

वेशीजवळ राहणारी पितळी समई आणि नदीवरचा कंदील हे एकमेकांचे सोबती. समई वयाने मोठी, पाच वातींची, तोंडाने फटकळ. कंदील तिला आत्या म्हणे आणि ती त्याला तांबड्या म्हणे, कारण त्याची काच लाल होती. नदी जिथे ओलांडता येई तिथे एका धोंड्यावर तो बसे. धुक्यात लाल उजेड लांब जातो. पात्राच्या मधोमध पाण्याबाहेर वीतभर डोके काढलेला एक कातळ होता. पलीकडून येणारा तराफा लाल उजेड डाव्या हाताला ठेवून येई, म्हणजे कातळ चुके. तराफ्याला दुसरी खूण नव्हती आणि कंदिलाला दुसरे काम नव्हते. त्याने विझायचे नाही, एवढेच.

कंदिलाला जवळचे असे एकच होते, त्याची धाकटी बहीण. ती पत्र्याची चिमणी होती, एवढीशी, टोपणात वात खोचलेली. दोघांचे तेल एकच. लहानपणी तिचे संपले की तो आपल्यातले तिच्यात ओती आणि तिला ते कधी बाधले नाही. तिचा एक सांधा पाझरू लागला होता म्हणून डाख लावून घ्यायला ती नदीपलीकडच्या पत्रेवाल्याकडे गेली होती. काम झाल्यावर तराफ्याने परत यायची होती. तिच्यावाचून कंदिलाला करमत नव्हते, आणि हे तो येईल त्याला सांगत असे.

मुलखाचा कारभार झुंबराकडे होता. झुंबर उंच छताला टांगलेले असे आणि त्याचे तेल त्याच्याकडे चढवले जाई. तेलघर त्याने पाहिलेले नव्हते. वेशीपाशी रांगा लागतात असे त्याच्या कानावर आले तेव्हा त्याने चौकशी करवली. चौकशीत निघाले की रांगेतले निम्मे दिवे तेल घ्यायला आलेलेच नसतात, नुसते सोबत आलेले असतात. झुंबराला याचे आश्चर्य वाटले. इतक्या वाती जळत उभ्या, आणि दुसऱ्याच्या तेलाकडे बघण्यापलीकडे काम नाही!

हुकूम निघाला. तोट्यांवर पाट्या लागतील. जो तो आपली पाटी वाचील आणि आपले तेल घेईल. पाटी आल्यामुळे सोबतीची रीत बंद. पळी खुंटीला टांगली गेली, तोंड भिंतीकडे करून. हुकमाची अंमलबजावणी शिक्क्याकडे आली. शिक्का लाकडी मुठीचा, चोख आणि वक्तशीर होता. त्याला स्वतःचा उजेड नव्हता, पण त्याला तो कधी लागलाही नव्हता.

खरे सांगायचे तर पहिल्या पाट्या चांगल्या होत्या. पांढऱ्या पत्र्यावर ठसठशीत काळ्या अक्षरांत एकीवर 'पातळ' आणि दुसरीवर 'दाट'. रांग झपाझप सरे. पळीची आठवण कोणी काढली नाही.

मग पणत्यांनी अर्ज केला. 'दाट' हा शब्द कानाला बरा लागत नाही, त्यातून आम्ही मठ्ठ आहोत असे सूचित होते, असे त्यांचे म्हणणे. झुंबर मनाने मोठे होते. दाट तेलावर 'उत्तम' अशी पाटी लागली आणि पातळ तेलावर 'सर्वोत्तम'. तेव्हा पणत्या पुन्हा रुसल्या. शेवटी असे ठरले की दोन्ही नावे दर पंधरवड्याला आलटून पालटून लावायची, म्हणजे कोणीच कायमचे खाली राहणार नाही. या निर्णयाचे सगळीकडे कौतुक झाले.

असाच पंधरवडा पालटला आणि समई तेलघरात गेली. एकटीच, ज्योती मुगाएवढ्या करून. गेल्या खेपेची पाटी तिच्या ध्यानात होती. घरी येऊन तिने वाती सारल्या तोच भडका उडाला. पाचातल्या तीन वाती जळून गेल्या आणि वरचा पितळी मोर काळाठिक्कर पडला. कंदील तिला बघायला गेला.

"आत्या, फार लागलं का हो?"

"लागलं असेल. मला काही कळत नाही रे," समई म्हणाली. "दोन वाती आहेत की अजून."

ती एरवी अशी बोलणारी नव्हती. कंदिलाला वाईट वाटले. पण मुलखात तोवर असे बरेच जण झाले होते. कोणी काळवंडलेला, कोणी अर्ध्या वातीचा. विचारले तर म्हणत, चाललंय. तक्रार करायची म्हणजे आपल्याला पाटी वाचता येत नाही हे कबूल करायचे. त्यापेक्षा गप्प बसणे सोपे होते, आणि गप्प बसता बसता त्यांना खरेच काही वाटेनासे झाले.

पुढे पातळ तेल कमी पडू लागले. ते परमुलखातून येई, आणि दाट तेल तर घरच्याच घाण्याचे, रांजणच्या रांजण भरलेले. झुंबराने तोड काढली. पातळ तेलात दाट तेलाचा एक हिस्सा मिसळायचा. भिंतीला तिसरी तोटी बसली आणि पाट्या पुन्हा नव्याने रंगवल्या गेल्या. मिसळणीच्या तोटीवर लागले 'पातळ'. दाट तेलावर लागले 'घरचे'. आणि जुने, निव्वळ पातळ तेल, जे कंदील आणि चिमण्या आजवर निमूटपणे पीत आल्या होत्या, त्याच्यावर पाटी लागली 'विशेष, मानाच्या दिव्यांसाठी'. शिक्का काटेकोर होता, त्यामुळे मिसळणीबद्दल सूचना द्यायला तो विसरला नाही. सूचना उठून दिसावी म्हणून त्याने ती मुद्दाम तांबड्या शाईने लिहवून घेतली.

त्याच सुमाराला चिमणीचा निरोप आला. डाख लागला, थेंबही पाझरत नाही. तेराव्या प्रहरी तराफ्यावर बसते. दादाला म्हणावे, मोठा राहा.

बाराव्या प्रहराच्या सुरुवातीला कंदील तेलघराकडे निघाला. टाकी निम्मी होती, पण बहीण यायच्या वेळी त्याला काठोकाठ भरलेले असायचे होते. वाटेत तो समईकडे थांबला.

"आत्या, चलता का? चिमणी यायचीय. आज मला चूक नकोय."

समईने आढेवेढे घेतले नाहीत. "आत सोडायचे नाहीत रे तांबड्या. पण उंबऱ्यापर्यंत येते."

उंबऱ्यावर शिक्का होताच. त्याने समईला अडवले आणि एक तेल घेणार, एकच आत जाणार, असे नम्रपणे सांगितले. समई तिथेच थांबली. तिच्या दोन वातींचा उजेड उंबरा ओलांडून हातभर आत गेला आणि संपला.

कंदिलाने ज्योत खाली केली. त्याच्या लाल काचेतून आता एवढासा लाल उजेड पडत होता. त्या उजेडात त्याने पहिली पाटी वाचली. मानाच्या दिव्यांसाठी. तो धोंड्यावर बसणारा, त्याने तिथून काढता पाय घेतला. दुसरी वाचली, घरचे. हे समईआत्याचे असावे असे त्याला वासावरून वाटले. तिसऱ्या पाटीवर मोठी काळी अक्षरे होती. पातळ. त्याखाली पाटी कोरी होती.

"पळीमावशी," तो हळूच म्हणाला, "तिसरी तोटी माझी ना?"

"मला काय विचारतोस बाबा?" खुंटीवरून पळी म्हणाली. "माझं तोंड भिंतीकडे. बुडवून कित्ती दिवस झाले मला. पाटीवर काय आहे?"

"पातळ."

"आणि खाली काही?"

कंदिलाने पुन्हा पाहिले. ज्योत किंचित वर करून पाहिले. पाटी खालपर्यंत लालसर, स्वच्छ आणि मोकळी होती.

"खाली काही नाही."

"मग तुझंच असेल," पळी म्हणाली.

नरसाळे पुढे आले. आता ते कोणाच्या 'घे' म्हणण्याची वाट पाहत नसे.

उंबऱ्यावर समईने विचारले, "मिळालं?" कंदील म्हणाला, "मिळालं, आत्या. गळ्यापर्यंत भरलंय." खूप दिवसांनी समईला हसू आले. "जा मग," ती म्हणाली, "आणि पोरीला आधी माझ्याकडे घेऊन ये."

धोंड्यावर बसून कंदिलाने वात वर केली. बारावा प्रहर चांगला गेला. आधीचे उरलेले तेल वातीत मुरलेले होते, त्यावर तो छान जळला, आणि लाल उजेड धुक्यात कातळापर्यंत पोचत राहिला. तेरावा प्रहर लागला तेव्हा त्याला वात जड वाटली. त्याने ती थोडी वर सारली. ज्योत उंचावली, मग पिवळी झाली आणि टोकाला कोळसा दिसू लागला. त्याने आणखी वर सारली. काचेला आतून काजळी धरली. टाकीत तेल गळ्यापर्यंत होते. ते हलत होते, त्याला जाणवत होते, पण वर येत नव्हते.

त्याला वाटले होते की असे काही झाले तर आपण घाबरू. पण भीतीसुद्धा वातीतूनच चढत असावी. ती अर्ध्यावर राहिली.

पलीकडून तराफा ढकलणारा बांबू पाण्यात पडल्याचा आवाज आला.

"दादा!" चिमणीचा आवाज आला. "कुठे आहेस? उजेड दिसत नाही तुझा!"

"इथेच आहे!" कंदील ओरडला. "थांब, येऊ नकोस! तिथेच थांब!"

धुक्यात आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. चिमणी हसली. तिला वाटले दादा गंमत करतो आहे.

"अरे, मोठा हो ना जरा! आलेच मी!"

कंदिलाने वात होती तेवढी सगळी वर ओढली. कोळसा तुटून टाकीवर पडला आणि ज्योत गेली. मग त्याला काही दिसले नाही, फक्त लांबवर चिमणीचा दाण्याएवढा पिवळा उजेड दिसला. तो उजवीकडे सरकत होता. कातळ तिकडेच होता. कंदील 'माझ्या डावीकडे, माझ्या डावीकडे' म्हणत राहिला. लाकूड दगडावर आपटल्याचा आवाज फार मोठा नव्हता. पिवळा ठिपका वर उडाला, खाली आला आणि पाण्यात गेला.

कंदील विझलेला धोंड्यावर बसून राहिला. चौदाव्या प्रहरी समई त्याला शोधत आली.

चौकशी रीतसर झाली. ती तेलघरातच, तिसऱ्या तोटीसमोर झाली. कंदिलाला पुन्हा पेटवून आणले होते, मुगाएवढा.

"पाटी होती?" शिक्क्याने विचारले.

"होती, साहेब."

"वाचलीत?"

"वाचली. पातळ असं होतं."

"त्याखाली?"

"त्याखाली काही नव्हतं."

"आता बघा."

कंदील पुढे झाला. त्याने नीट पाहिले, वरून खाली आणि खालून वर. "आत्ताही काही नाही, साहेब," तो म्हणाला.

चौकशीपुरते समईला आत सोडले होते. ती न राहवून पुढे सरकली. तिच्या दोन वातींचा पिवळा उजेड पाटीवर पडला आणि कोऱ्या जागेत तांबड्या अक्षरांच्या तीन ओळी उमटल्या. 'मिसळण. एक हिस्सा दाट. उंच वातीच्या दिव्यांनी घेऊ नये.'

कंदिलाने त्या वाचल्या. समई जरा मागे झाली तेव्हा त्या गेल्या, पुढे झाली तेव्हा आल्या. त्याने एकदा आपल्या काचेतून बाहेर पडणाऱ्या उजेडाकडे पाहिले. मग त्याने काही पाहिले नाही.

"मी आत असते तर वाचलं असतं," समई म्हणाली. "तीन ओळी आहेत. एवढंच तर काम होतं माझं. एवढंच करत होते मी जन्मभर!"

"सोबतीची रीत बंद झालेली आहे," शिक्का म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"पोर गेली हो आमची!"

"त्याची नोंद घेतली आहे."

समईच्या वाती एकदम खाली गेल्या. ती उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. पळीने खुंटीवर किंचित आवाज केला, वाऱ्याने व्हावा तेवढाच.

झुंबरापर्यंत सगळे गेले आणि त्याला खरोखर वाईट वाटले. त्याने दोन गोष्टी मान्य केल्या. तांबड्या शाईत दोष होता, यापुढे सगळे काळ्या शाईत लिहावे. आणि मूळ दोष असा की पाट्या तोट्यांवर होत्या. तोटीवरची पाटी वाचून दिव्याने आपली वात ओळखावी ही अपेक्षा फार मोठी झाली. त्यापेक्षा पाटी दिव्यालाच लावावी. प्रत्येकाला काय चालते ते प्रत्येकाच्या अंगावर लिहिलेले असले म्हणजे गोंधळाला जागाच नाही. तोट्यांवरच्या पाट्या काढून टाकल्या गेल्या.

पाटी कुठे चिकटवायची यावर थोडी चर्चा झाली. काचेवर लावली तर उजेड अडतो. दांडीवर ती बसत नाही, टोपणावर तापून सुटते. बुडाला मात्र भरपूर सपाट जागा होती.

सगळे दिवे वेशीपाशी रांगेत उभे राहिले. शिक्का प्रत्येकाची वात नीट तपासून मजकूर ठरवी, बुडाला पाटी चिकटवी आणि दिव्याला पुन्हा सरळ ठेवी. त्याने एकही चूक केली नाही. कंदिलाची पाळी झाली तेव्हा त्याने शेजारच्या बत्तीला विचारले, "बाई, माझ्या बुडाला काय लिहिलंय?"

"दिसत नाही," बत्ती म्हणाली. "मी वाकले तर माझं सांडेल."

कंदिलाने मान हलवली. तोही तिच्यासाठी वाकू शकला नसता. रांग पुढे सरकली. प्रत्येकाचा उजेड सगळीकडे पडत होता, शेजाऱ्यावर, वेशीवर, तेलघराच्या बिनपाटीच्या तीन तोट्यांवर. समईने पाटी लावून घेतली आणि ती घरी गेली.

कंदिलाला कुठल्यातरी तोटीचे तेल भरून मिळाले आणि तो आपल्या धोंड्यावर येऊन बसला. धोंड्याच्या पायथ्याशी चिमणी होती. दोन प्रहरांपूर्वी नदीने तिला काठाला आणून सोडले होते. टोपण गेलेले होते, पोट रिकामे होते आणि नवा डाख जागच्या जागी होता. ती पालथी पडली होती.

शिक्का तिथवर आला, कारण हुकूम मुलखातल्या प्रत्येक दिव्यासाठी होता. चिमणीला उचलावे किंवा फिरवावे लागले नाही. त्याने तिच्या बुडाला पाटी चिकटवली, कडा दाबून बसवल्या आणि तो धुक्यात परत गेला.

कंदिलाने वात वर केली. लाल उजेड पाण्यावर गेला आणि त्याआधी पायथ्याशी पडला. नव्या पाटीवरची अक्षरे काळी होती आणि त्याला सगळी वाचता आली. 'पातळ. निव्वळ. मिसळण चालत नाही.'